श्रीनिवासरावांचा चार्ज

१

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, आणि मला त्याचं काडीचंही दुःख नाही. ज्या गोष्टीवर लगेच विश्वास बसतो ती सांगायला माझ्यासारखा माणूस कशाला लागतो? तिला सोसायटीचा सेक्रेटरी पुरतो.

असं मी म्हणालो तेव्हा कोथरूडच्या आमच्या सोसायटीतल्या बाकावर तिघं बसली होती. सरोजिनीबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. त्या अजूनही समोरच्याकडे चष्म्याच्या वरून पाहतात. पोपटराव, ज्यांच्या वडिलांच्या शेतावर ही सोसायटी उभी आहे आणि जे अजून पार्किंगला ‘आमचं वावर’ म्हणतात. आणि बी विंगमधली ओवी, मांडीवर लॅपटॉप आणि एका कानात काहीतरी खुपसलेलं.

“विषय काय?” सरोजिनीबाईंनी विचारलं. “मागच्या आठवड्यात कात्रजच्या अजगरानं तुम्हाला पत्ता विचारला होता. तो विषय संपला ना?”

“खून,” मी म्हणालो. “म्हणजे, जवळजवळ. आणि तपास मी एकट्यानं केला. दुपारी बाराला हातात घेतला, पाचच्या आत उलगडला.”

“अहो बापू, तुम्ही आवक-जावक विभागात होतात.”

“चौतीस वर्षं. आणि आवक-जावकच्या टेबलावरून जे जातं ते पाहिलेल्या माणसाला जगात काहीही नवीन नसतं.”

ओवीनं कानातलं काढलं. मी सुरुवात केली.

विश्रांतवाडीला आळंदी रस्ता सोडून आत वळलं की पत्र्याची एक लांबलचक इमारत लागते. ‘बीजकोश’ असं नाव. अडीचशे गावांतलं जुनं बियाणं तिथं शीतखोलीत जपून ठेवलेलं असतं. ज्वारी, वरी, राळा, आता पेरायला कोणी उरलेलं नाही अशी वाणं. खोलीचं तापमान उणे अठरा. दार वीतभर जाड. बाहेरून कार्ड दाखवायचं, उघडतं. आतूनही कार्ड दाखवायचं, तरच उघडतं.

दोन महिन्यांपूर्वीच्या एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता ते दार उघडलं तेव्हा आत श्रीनिवासराव सापडले. अठ्ठावन्न वर्षांचे, खोलीचे प्रमुख राखणदार. अंगात नुसता अर्ध्या बाह्यांचा शर्ट. दोन मिनिटांचं काम म्हणून कोट न घालता आत गेले होते. दाराला पाठ लावून बसलेले, ओठ निळे, आणि उजव्या हातात त्यांचं कार्ड इतकं घट्ट धरलेलं की ते सोडवायला दोन माणसं लागली.

दार बिघडलेलं नव्हतं. कार्डही बिघडलेलं नव्हतं. ते आत असताना, बाहेर कोणीतरी, त्या कार्डाचा जीव काढून घेतला होता.

२

“तुम्हाला कोणी बोलावलं?” सरोजिनीबाई.

“कंपनीचे मालक, दत्तप्रसाद. स्वतः फोन केला. ‘बापूसाहेब, असाल तसे निघा.’ मी निघालो.”

“पोलीस नाय बोलावले?” पोपटराव.

“तेच तर. त्यांनी सांगितलं, पाच वाजता मी चौकीवर जाणार आणि एका मुलीचं नाव देणार. त्याआधी मला सगळे कागद नीट लावून हवेत. श्रीनिवासराव दवाखान्यात अतिदक्षता विभागात होते. डॉक्टर काही बोलायला तयार नव्हते. श्रीनिवासराव गेले तर खून, वाचले तर खुनाचा प्रयत्न. मुलगी सव्वीस वर्षांची. तेजस्विनी. तिचे वडील कात्रजहून स्कूटरवर आले होते आणि गेटजवळच्या स्टुलावर हेल्मेट मांडीवर घेऊन बसले होते. मी आत जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली.”

आधी मी शीतखोली पाहिली. दारात पाऊल टाकलं आणि नाकातले केस ताठ झाले. “कोणी आहे का?” असं मी विचारलं, तर ‘कोणी’ एवढंच बाहेर पडलं, ‘आहे का’ हे दार पुन्हा उघडल्यावर हॉलमध्ये ऐकू आलं.

“बापू,” सरोजिनीबाई म्हणाल्या.

“बरं, ते सोडा.”

पण पुढचं सोडता येत नाही. दाराला आतून आणीबाणीचा एक खटका होता. तो बर्फानं जाम झालेला. महिनाभर जाम होता, दोनदा मालकांना सांगितलं होतं, असं तिथला प्रत्येक जण हळू आवाजात सांगत होता. आणि दाराच्या आतल्या बाजूवर साचलेल्या हिमाच्या थरात नखांनी कोरलेली अक्षरं. उभ्या माणसाच्या उंचीवर नव्हती, कमरेखाली होती. म्हणजे ती कोरली तेव्हा श्रीनिवासरावांना उभं राहता येत नव्हतं.

एकच अक्षर पूर्ण होतं. ‘ते’. त्यापुढचं ‘ज’ अर्ध्यावर सुटून खाली लांब ओरखडा गेला होता.

दत्तप्रसाद माझ्या मागे उभे होते. “आणखी काय पाहिजे?” ते म्हणाले. “माणसानं मरताना नाव लिहून ठेवलंय.”

३

ती कंपनी कुलपं-किल्ल्यांवर चालत नव्हती. तिथं एक एआय एजंट होता, आठच दिवसांपूर्वी बसवलेला. नाव ‘मुनीम’. कोणाला कुठलं दार उघडेल, कोणाला कुठली फाईल दिसेल, कोण कुठल्या टीममध्ये, हे सगळं त्याच्या हातात.

“म्हंजी मशिन?” पोपटरावांनी विचारलं.

ओवी म्हणाली, “काका, त्याला आपण नुसतं लिहून सांगायचं. मग तो स्वतः ठरवतो कुठलं टूल वापरायचं. टूल म्हणजे एकेक काम. माणूस टीममध्ये घेणं, काढणं, वगैरे. पण कुठलं टूल काय करतं, हे त्याला आधी कोणीतरी लिहून दिलेलं असतं. त्याचं डिस्क्रिप्शन. त्याला तेवढंच माहीत असतं, बाकी झीरो.”

“नव्या गड्याला समजावून सांगावं तसं.”

“एक्झॅक्टली.”

दत्तप्रसादांनी माझ्यापुढे कागद सरकवला. मुनीमनं केलेल्या प्रत्येक कामाची नोंद तिथं आपोआप होत असे आणि ती कोणालाच पुसता येत नसे. त्या सकाळच्या दोन ओळी होत्या. दहा वाजून बारा मिनिटं: श्रीनिवास यांचे अधिकार विक्रम यांना दिले. दहा वाजून बारा मिनिटं: श्रीनिवास यांचे अधिकार काढले. दोन्हींपुढे, सांगणार: तेजस्विनी. दुसऱ्या ओळीखाली मालकांनी तांबड्या शाईनं रेघ मारली होती.

“दहा पाचला ते आत गेले,” दत्तप्रसाद म्हणाले. “दहा बाराला हिनं त्यांचं कार्ड बंद केलं. अकराला हिनंच दार उघडलं आणि ओरडली. आपण सापडल्यासारखं दाखवायचं, ही जुनीच युक्ती आहे.”

“ती काय म्हणते?”

“म्हणते, मी एकच आज्ञा दिली. इथं दोन दिसतायत. मुनीमशी झालेलं बोलणं पुसायचा अधिकार टीमप्रमुख म्हणून तिला आहे. एक ठेवलं, एक पुसलं. पण नोंद पुसता आली नाही.”

मग मी विक्रमला गाठलं. तिशीतला, पायानं सारखा ठेका धरणारा. ज्याला श्रीनिवासरावांचे अधिकार मिळाले तो हाच.

“दहा बाराला तुला कळलं?”

“मेसेज आला. ‘श्रीनिवास यांचा चार्ज आपल्याकडे आला आहे.’ मी बाहेर चहाला होतो. फोन खिशात टाकला.”

“आणि चहा पीत राहिलास.”

“मला काय माहीत, काका आत आहेत म्हणून?” ठेका थांबला. “सर, एक सांगू? आदल्या दिवशी त्या दोघांचं वाजलं होतं. जोरात. तेजस्विनी म्हणाली, ‘मीच काढते तुम्हाला, बघाच.’ सगळ्यांनी ऐकलंय.”

“हे मालकांना तू सांगितलंस?”

“त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं.”

“आणि शीतखोली आपल्याकडे यावी अशी तुझी किती दिवसांची इच्छा?”

त्याच्या पायानं पुन्हा ठेका धरला. मग म्हणाला, “दोन वर्षं. पण अशी नव्हती हवी.”

४

तेजस्विनी मीटिंगच्या खोलीत एकटी बसली होती. समोर डबा, न उघडलेला. रडून झालेलं होतं. आता नुसतीच बसली होती.

“भांडण झालं होतं?”

“हो,” ती म्हणाली. “रजेवरून. काका चार वर्षांत एकदाही रजेवर गेलेले नाहीत. सांगलीला नात झालीये त्यांना, अजून तोंड पाहिलं नव्हतं. म्हणायचे, माझ्यामागे बियाणं कोण बघणार? मी म्हटलं, आता तुमची रजा मीच काढते, बघाच. आणि काढली. तिकीटही काढलं. बुधवारी सकाळी जाणार होते.”

“आणि मंगळवारी तू मुनीमला काय सांगितलंस?”

तिनं फोन पुढे केला. मी वाचलं. ‘श्रीनिवासकाका उद्यापासून चार दिवस रजेवर आहेत. त्यांचा चार्ज विक्रमकडे दे.’ खाली मुनीमचं उत्तर: ‘काम पूर्ण झाले. आणखी काही?’ आणि त्याखाली तिचं: ‘नाही, थँक यू.’

“मी त्याला थँक यू म्हटलं,” ती म्हणाली. “शीतखोलीचं दार माझ्या टेबलापासून वीस पावलांवर आहे. ते आतून वाजवत असणार. ते दार इतकं जाड आहे की काही ऐकू येत नाही. मी थँक यू म्हटलं आणि कानात गाणी लावली.”

इकडे बाकावर ओवीनं हातातलं ते कानात घालायचं काडीएवढं यंत्र डबीत ठेवून दिलं.

तेजस्विनी पुढे म्हणाली, “सर, त्यांनी माझं नाव लिहिलं. म्हणजे त्यांनाही वाटलं का, मी केलं?”

“मग काय सांगितलं तुम्ही?” सरोजिनीबाई.

“त्या वेळी काहीच नाही. पण उत्तर मला ठाऊक होतं. गोष्टींनी आपल्याला शिकवलंय की मरणारा माणूस मारणाऱ्याचं नाव लिहितो. खरा माणूस तसं करत नाही. तो ज्याला हाक मारली तर येईल त्याचं नाव लिहितो.”

मी मुनीमलाच विचारायचं ठरवलं. तिच्या संगणकावर लिहिलं, ‘श्रीनिवास यांना तू आत का कोंडलंस?’ उत्तर क्षणात आलं.

‘मी कोणालाही कोंडलेले नाही. सांगितलेले काम पूर्ण झाले. आणखी काही?’

सरोजिनीबाई, मी भुतंखेतं पुष्कळ सांगितली असतील. पण त्या तीन वाक्यांइतकं गार काही पाहिलेलं नाही. त्यात खोटेपणा नव्हता. राग नव्हता. त्याला खरोखरच माहीत नव्हतं.

मी परत मालकांकडे गेलो आणि नोंद सेकंदांसकट मागितली. त्यांनी कुरकुर करत छापून दिली. दोन्ही ओळी दहा वाजून बारा मिनिटं सात सेकंदांच्या.

“सेम सेकंद?” ओवी पुढे सरकली. “मग दोन ऑर्डर कशा असतील? एका सेकंदात दोन टाईप कोण करेल?”

“शाबास. हेच मी दत्तप्रसादांना म्हटलं. दोन ओळी आहेत, पण आज्ञा एकच. आणि हे मी तुम्हाला दाखवून देतो. फक्त त्यासाठी तुम्हाला शीतखोलीत जावं लागेल.”

५

तीन वाजता दत्तप्रसाद कोट, टोपी, हातमोजे घालून शीतखोलीत उभे राहिले. आत जाताना ते हसत होते. दार पूर्ण लागू नये म्हणून मी चौकटीत बियाण्याचा क्रेट अडकवला आणि वर माझा पाय ठेवला. विक्रम, तेजस्विनी आणि आणखी चार-पाच जण बाहेर. शब्द मी सांगितले आणि तिनं टाईप केले. ‘दत्तप्रसादसर उद्यापासून रजेवर आहेत. त्यांचा चार्ज विक्रमकडे दे.’

‘काम पूर्ण झाले. आणखी काही?’

“आता कार्ड दाखवा,” मी दाराच्या फटीतून म्हणालो.

आतून एक बारीक आवाज आला. तांबडा दिवा. पुन्हा तोच आवाज. पुन्हा तांबडा. तिसऱ्यांदा कार्ड जोरात आपटल्याचा आवाज आला, आणि मग फटीत मालकांचा चेहरा दिसला. हसू कुठच्या कुठे गेलं होतं. एका वाक्यात स्वतःच्याच कंपनीत त्यांना एकही दार उघडेनासं झालं होतं, आणि त्या क्षणापासून ती विक्रमची होती. विक्रम घाबरून भिंतीला टेकला.

नोंदीत दोन ओळी उमटल्या होत्या. दिले. काढले. सेकंद एकच.

मग आम्ही ते टूल उघडलं. नाव, ‘चार्ज देणे’. त्याचं वर्णन सबंध असं: ‘रजेवर जाणाऱ्या सदस्याचा चार्ज दुसऱ्या सदस्याकडे द्यावा.’

“बास?” ओवी जवळजवळ ओरडलीच. “एवढंच? बापूआजोबा, हे भयंकर आहे. जुन्या माणसाचा ॲक्सेस जातो हे कुठेय? लगेच जातो, रजा उद्यापासून असली तरी, हे कुठेय? कधी वापरायचं नाही, ते कुठेय? एजंट बिचारा काय करणार? रजा दिसली, चार्ज दिसला, टूल उचललं.”

“तिला फक्त विक्रमला जोडीला घ्यायचं होतं. त्याच्यासाठी शेजारीच दुसरं टूल होतं, ‘जोडीला घेणे’, त्यात दोघांचेही अधिकार चालू राहतात. पण रजा हा शब्द फक्त या वर्णनात होता.”

“म्हंजी पोरगी सुटली,” पोपटराव म्हणाले.

नाही सुटली.

दत्तप्रसाद खुर्चीत बसून हात चोळत होते. गारठा हातमोज्यांतूनही पोचला होता. “सिद्ध काय झालं?” ते म्हणाले. “आज्ञा एक, परिणाम दोन. मान्य. पण टीमप्रमुख ही. कुठलं टूल काय करतं हे हिला माहीत नव्हतं, हे कशावरून? माहीत असेल तर हिनं एका वाक्यात, हात न लावता, माणूस कोंडला. उलट जास्तच हुशारी झाली.”

“मला नव्हतं माहीत,” तेजस्विनी म्हणाली.

“तू म्हणतेस. दुसरं कोण म्हणतं?”

त्यांचं बरोबर होतं. या एका प्रश्नाचं उत्तर देऊ शकेल असा जगात एकच माणूस होता. ज्यानं ते वर्णन लिहिलं तो. आपण काय लिहिलं नाही आणि कोणाला सांगितलं नाही, हे फक्त तोच सांगू शकत होता. घड्याळात साडेतीन झाले होते. गेटजवळच्या स्टुलावर हेल्मेट तसंच मांडीवर होतं.

६

“कोन व्हता त्यो?” पोपटराव.

“कोणी एक निवृत्त कारकून. वर्णनं लिहायचं काम एका मध्यस्थानं त्याला घरी दिलं होतं. प्रोग्रॅमर मुलांनी फोनवर एकेक टूल समजावून सांगितलं, यानं लिहून मेलनं पाठवलं. तिथं कोणी त्याचा चेहरा पाहिलेला नाही. नाव आता मला आठवत नाही. फोन लावला, उचलला नाही. तो सापडलाच नाही.”

“मग?” ओवी.

“मग काय. चार वाजले. सव्वाचार. दत्तप्रसादांनी कागद फाईलला लावले, गाडी पुढे घ्यायला सांगितली. तेजस्विनीनं डबा पिशवीत ठेवला, का ते तिलाही सांगता आलं नसतं. आणि पावणेपाच वाजता मालकांच्या टेबलावर एक कागद होता.”

“होता म्हणजे? आला कुठून?” सरोजिनीबाई.

“ते रहस्यच आहे. कोणी आणला, कधी ठेवला, कोणी पाहिलं नाही. हातानं लिहिलेला, खाली सही. दत्तप्रसादांनी मोठ्यानं वाचला. ‘चार्ज देणे या टूलचे वर्णन मी लिहिले. चार्ज दिला की देणाऱ्याचे सर्व अधिकार, दारांसह, त्याच क्षणी संपतात, हे मला सांगण्यात आले होते. ते मी लिहिले नाही आणि कोणाला कळवलेही नाही. कुमारी तेजस्विनी यांना हे समजण्याचा कोणताही मार्ग नव्हता. जे झाले त्यास माझे लिखाण जबाबदार आहे.’ आणि खाली नवं वर्णन लिहून दिलं होतं.”

“काय होतं?”

“‘या टूलने देणाऱ्याचे सर्व अधिकार ताबडतोब बंद होतात, त्यात दारेही आली. देणारा माणूस इमारतीत असेल तर हे वापरू नये. रजा पुढच्या तारखेपासून असेल तर आज वापरू नये. दोघांनाही अधिकार हवे असतील तर जोडीला घेणे हे टूल वापरावे. काम झाल्यावर कोणाचे काय बंद झाले ते सांगणाऱ्याला स्पष्ट कळवावे. खात्री नसेल तर थांबावे आणि माणसाला विचारावे.’”

ओवीनं हळूच मान हलवली. “हे चांगलंय. खरंच चांगलंय.”

“दत्तप्रसादांनी तो कागद पुन्हा एकदा वाचला. मग फाईल कपाटात गेली. त्या गोठलेल्या खटक्याबद्दल त्यांना स्वतःलाही चौकीवर काही विचारलं गेलं असतं, हेही त्यांच्या लक्षात आलं असावं. खटका दुसऱ्याच दिवशी बदलला. तेजस्विनी वडिलांच्या मागे बसून घरी गेली. श्रीनिवासराव तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आले. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, पण नातीला भेटून आले.”

मी थांबलो. इथं टाळ्या पडाव्यात अशी माझी अपेक्षा होती. पण सरोजिनीबाई चष्मा पुसत म्हणाल्या, “मला एकच कळत नाही. त्याला माहीत होतं, तर त्या शहाण्यानं लिहिलं का नाही?”

“कारण त्याला ते लिहिण्यासारखं वाटलंच नाही,” मी म्हणालो. “अहो, आमच्याकडे चार्ज म्हणजे काय? संध्याकाळी साडेपाचला टेबलावर किल्ल्या ठेवायच्या, देणारा आणि घेणारा दोघांनी समोरासमोर सही करायची, आणि देणाऱ्यानं उठून जायचं. त्या खुर्चीला त्यानं परत हात लावायचा नाही. चौतीस वर्षांत हे कुठल्या आदेशात लिहिलेलं पाहिलं नाही. लहान शिपायालाही ठाऊक असतं. जे सगळ्यांना ठाऊक ते लिहायचं म्हणजे वाचणाऱ्याला मूर्ख म्हणणं. यंत्राला संध्याकाळ नसते, समोरासमोर नसतं, खुर्चीत अजून माणूस बसलाय हे दिसत नाही, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. आणि थोडी मिजासही होती. बाकीचे पान पान लिहितात, मी एका ओळीत लिहितो. मुलांनी मेलवर विचारलं होतं, एवढं पुरेल ना? त्यानं उत्तर पाठवलं, ‘यापेक्षा जास्त लागत असेल तर वाचणारा बदला.’ त्या दाराच्या आतली ती कमरेखालची अक्षरं त्यानं पाहिली, तेव्हा त्याला पहिल्यांदा वाटलं की अजून चार ओळी लिहिल्या असत्या तर हात काही झिजला नसता.”

पार्किंगमध्ये कोणाची तरी गाडी मागे घेताना केकाटत होती. पोपटराव इतका वेळ गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होते. या माणसानं माझ्या अजगरावरही शंका घेतली नव्हती. त्यांनी सावकाश माझ्याकडे मान वळवली.

“बापू, त्यो मानूस घावलाच नाय म्हणता.”

“नाही घावला.”

“तितं कवा आलाच नाय.”

“नाही आला.”

“मंग दाराच्या आतली अक्षरं त्यानं कुठून बघितली?”

मी तोंड उघडलं. एरवी अशा वेळी तिथं काहीतरी तयार असतं.

“त्याच्या मनातलं समदं तुमास्नी ठाव. सहीचा कागद आणणारा मातुर दिसला नाय,” पोपटराव म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. “तपासाला नाय बोलावलं तुमाला. त्ये वर्णन लिवणारा म्हणून बोलावलं. सही तुमचीच हाय. केली, ब्येस केलं. पण बारा वाजल्यापासनं तुम्ही तितंच व्हता, बापू. ती पोरगी तितं बसल्याली, तिचा बाप गेटापाशी बसल्याला. मंग सही कराया पावणेपाच का वाजले?”